तो, का ती?

पन्नालालशेठबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. जालन्यातल्या एका शाळेनं स्मरणिका काढली तेव्हा त्यांच्यावर लेख मागितला होता. मी डोळ्यांचं कारण सांगितलं. पुढं दुसऱ्या कुणी मागितला तेव्हा दीड पान लिहून दिलं. त्यात शेठजींचा दानशूरपणा होता, जेलमधला काळ होता, छापायला लागतं ते सगळं होतं. त्यातली एक ओळसुद्धा मला आज वाचवत नाही. डोळे तेव्हा चांगलेच होते.

परवा नात सुट्टीला आली. तिच्या हातात नवी कादंबरी होती. म्हणाली, "आबा, ही गोष्ट एक घर सांगतंय. हल्ली अशी बरीच पुस्तकं येतात. कुठं कुत्रा सांगतो, कुठं नदी, कुठं मेलेला माणूस. तुम्हाला विचित्र वाटेल."

मी म्हणालो, "विचित्र कशाचं? आमच्या गल्लीतला एक कापडवाला रोज हेच करायचा."

तिनं ऐकायचा हट्ट धरला. मी दुकानातल्या एकदोन गमती सांगितल्या, ती खूप हसली आणि मी तिथंच थांबलो. पुढचं सांगायला जीभ उचलली नाही. ते इथं लिहितो.

जुन्या जालन्यात आमच्या घरासमोर शेठजींचं कापडाचं दुकान होतं. त्यांचे आजोबा नागोरकडून उंटावरून आले असं ते सांगायचे. उंट खरा होता की नाही, देव जाणे. शेठजी अंगानं काटकुळे, कानात सोन्याची मुरकी, डोक्यावर गुलाबी पागोटं. जैन असल्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे आणि मग दुकानाच्या पायरीवर लवंग चघळत बसायचे. बोलताना कापड मोजायचा लोखंडी गज मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवा ठेवायचे आणि त्याच्या दोन टोकांवर हात टाकायचे. बैलाच्या मानेवर जू ठेवावं तसं. त्या अवस्थेत ते तासभर बोलू शकत.

आणि बोलायचे कुणाच्या तोंडून? दुकानातल्या वस्तूंच्या. बाजाराच्या दिवशी मंठ्याकडच्या बायका लुगडी बघायला यायच्या. भाव ऐकून उठायला लागल्या की शेठजी एकदम आवाज बदलायचे. "मी तर सरळ माणूस हाय बाई. पण काय करू, शेठच्या हातात गेलो की जरा आखडतो."

बायका एकमेकींकडं बघायच्या. एखादी चुणचुणीत बाई म्हणायची, "अगं, ह्यो गज बोलून ऱ्हायलाय. शेठ, तुमचाच गज तुमची चुगली करतो का काय?"

"करू द्या. तुम्ही ओळखला ना? मंग आता हातभर जास्त मोजतो."

त्यांचा एक नियम होता. कोण बोलतंय ते आधी सांगायचं नाही. ऐकणाऱ्यानं ओळखायचं. कुणी अधीर होऊन विचारलं तर म्हणायचे, "नाव सांगितला की मजा गेला." बोलणारा तो आहे की ती, हे क्रियापदावरून कळायचं आणि तिथून लोक अंदाज बांधायचे. 'गेलो' म्हणाले तर गज, पेटी नव्हे. 'गेले' म्हणाले तर कात्री, कंदील नव्हे. पायरीवर बसलेल्या माणसांना दुसरी करमणूक नव्हती. दिवसभर हमाली करून आलेली माणसं 'तो का ती' यावर हमरीतुमरीवर यायची.

गंमत अशी, की एरवी शेठजींच्या मराठीत तो आणि तीचा पत्ता नसायचा. घरात मारवाडी, बाजारात उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी. "माझी दुकान उघडली," म्हणायचे. "चहा झाली का?" म्हणायचे. मांजर त्यांच्या तोंडी कायम 'आला' आणि 'गेला'. पोरं ओरडायची, "शेठ, मांजर आलं. आलं म्हणा."

"आमच्या मारवाडात दोनच असतात रे. तो अन् ती. तुमच्याकडं हा तिसरा कुठून आला?"

एकदा पोरांनी झाडाची गोष्ट मागितली. शेठजी म्हणाले, "झाड नको. झाड माझ्या तोंडात बसत न्हाई. उभा म्हणू का उभी म्हणू, दोन्ही चूक. झाडाची बेइज्जती होईल."

दुसऱ्या कुठल्या चुकीची त्यांना पर्वा नव्हती. पण गोष्टीतल्या वस्तूचं लिंग चुकू द्यायचं नाही, यावर ते हट्टी होते. ती वस्तू आपल्यावर विश्वास टाकून बोलायला उभी राहिली आहे, तिला चुकीचे कपडे कसे घालायचे, असं म्हणायचे. म्हणून गोष्ट जुळवायच्या आधी ते मला बोलावून विचारत. मी बराच शिकलेला. उर्दू आणि मराठी दोन्ही चांगल्या येणाऱ्या गल्लीतल्या मोजक्या लोकांपैकी एक. मला ते 'मुनशीजी' म्हणायचे.

"मुनशीजी, कुलूप काय? तो, का ती?"

"ते कुलूप."

"गेला कामातून. कुलूप गप्पच बरा."

कचेरीत तर्जुम्याची, म्हणजे भाषांतराची, उमेदवारी मला मिळाली तेव्हा अंगावर घालायला धड शेरवानी नव्हती. शेठजींनी काळं कापड फाडलं, शिंप्याकडं दिलं आणि कापडाच्याच तोंडून मला सांगितलं, "मी तुझ्या अंगावर चढलो ना, तर ताठ चालावा लागंल. वाकलास तर पाठीत उसवीन." कापडाला त्या दिवशी पुरुष केलं होतं. मी सुधारलं नाही. शेरवानी फार छान बसली होती.

त्यांच्या गोष्टींनी नेहमी भलंच झालं असं नाही. गल्लीतले दोन भाऊ वाटणीवरून भांडत होते. शेठजी एका संध्याकाळी उंबरा झाले आणि म्हणाले, "मलापण करवतीनं कापा. अर्ध्यावरून एक ठेचकाळंल, अर्ध्यावरून दुसरा." लोक हसले. थोरल्या भावाला ते एवढं लागलं की त्यानं शेठजींच्या दुकानाची पायरी सोडली आणि पोरीच्या लग्नाचं कापड औरंगाबादेहून आणलं. शेठजी त्या लग्नाला बोलावणं नसताना गेले आणि मांडवाच्या कडेला उभं राहून आले. मला म्हणाले, "चूक माझी. उंबऱ्याला काय, तो मार खाऊन बी तिथंच असतो. बोलणाऱ्यानं बघून बोलावा."

निजामी राज्याची ती अखेरची वर्षं होती. आम्हाला अर्थातच ती अखेरची आहेत हे माहीत नव्हतं. गावात पत्रकं चिकटायची, सकाळी ती खरवडली जायची. एका दुपारी पत्रकं लावणारी दोन पोरं पोलिसांच्या घोड्यांपुढं पळाली, मंठ्याच्या वाटेवरच्या पडक्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरली आणि तिथंच दडून राहिली. घोडेस्वारांनी वरून डोकावून पाहिलं आणि पुढं निघून गेले. पोरं नंतर निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात पोचली. सगळ्या गावाला हे माहीत होतं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, एवढंच.

शेठजी बोलले. बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, गज खांद्यावर ठेवून.

"मी गावाबाहेर पडून असते. माझ्याकडं आता कुणी येत न्हाई. टाकून दिलेल्या बाईवानी. परवा दोन पोरगे आले, धापा टाकीत. मी विचारला न्हाई, कोण तुम्ही, काय केला. म्हटलं, या, उतरा खाली, माझ्या पोटात अंधार हाय तेवढा तुमचा. मागून घोडेवाले आले. वाकून वाकून बघाया लागले. मी चुपचाप बसून राहिले. त्यांना त्यांचाच चेहरा दाखवला. पसंत नसंल पडला, लगेच निघून गेले."

कांदे विकणारी एक म्हातारी म्हणाली, "मंठ्याच्या वाटंवरली बावडी. दुसरी कोण असणार?" बाजार खदाखदा हसला.

चार दिवसांत त्यांना कचेरीतून बोलावणं आलं. कुणीतरी वर कळवलं होतं, की पन्नालाल कापडवाल्यानं फरारी पोरं आपल्या घरी लपवली आणि तो तसं बाजारात छातीठोकपणे सांगतो.

इथं मला आधीची एक गोष्ट सांगायला हवी. त्याच महिन्यात एका बाईची फिर्याद मी तर्जुमा करून सांगितली होती. ती म्हणाली, 'मी नदीवर गेले होते.' मी म्हणालो, 'मैं नदी पर गई थी.' बरोबरच होतं. पण माझ्या तोंडून 'गई थी' ऐकून चपराशांनी तोंडात रुमाल कोंबले. त्यानंतर कित्येक दिवस मी कचेरीत शिरलो की, "बीबीजी, पानी लाऊँ?" बाकीचे कारकूनही त्यात सामील झाले. आज हे लिहिताना किती क्षुल्लक वाटतं. तेव्हा मला कचेरीच्या पायऱ्या चढवत नसत.

कचेरीतले पोलीस अंमलदार, अमीनसाहेब, बाहेरून बदलून आलेले, त्यांना मराठीचा गंध नव्हता. माणूस वाईट नव्हता. शेरोशायरीचा नाद, बोलणं मऊ. त्यांनी ठरवलं, की बाजारात जे आणि ज्या भाषेत बोललं गेलं तेच शब्द पुन्हा सांगायचे आणि मी एकेक वाक्य उर्दूत करायचं. मधे कुणी बोलायचं नाही.

शेठजी उभे होते. गज नसल्यामुळं हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. आपला मुनशी आहे म्हटल्यावर काळजी कसली, असं.

"मी गावाबाहेर पडून असते," ते म्हणाले.

दारात दोन चपराशी उभे होते. मी म्हणालो, "मैं गाँव के बाहर पड़ा रहता हूँ."

शेठजींनी चमकून पाहिलं, पण बोलायची मनाई होती. ते पुढं सांगत गेले. 'टाकून दिलेल्या बाईवानी' हे मी गाळूनच टाकलं. 'मी चुपचाप बसून राहिले' याचं 'मैं चुपचाप बैठा रहा' केलं. पहिल्या वाक्याला जीभ घसरली म्हणावं, तर पुढच्या प्रत्येक वाक्याला मला ठाऊक होतं मी काय करतोय. वाटलं, शेवटी ते स्वतःच सांगतील बावडी आहे म्हणून, आणि मिटेल. पुरुष बोलला काय, बाई बोलली काय.

शेवटी त्यांनी सांगितलंही. उर्दूतच. "हुज़ूर, ये मैं नहीं हूँ. ये तो बावड़ी बोल रही है."

अमीनसाहेब हसले. "बावड़ी बोलती है?"

"मेरे यहाँ सब बोलते हैं हुज़ूर. गज बोलता है, कैंची बोलती है. पूरा बाज़ार जानता है."

अमीनसाहेबांना ती कल्पना आवडली होती, हे मी शपथेवर सांगतो. ते खुर्चीत पुढं सरकले आणि मला म्हणाले, "मुंशी, एक बात बताओ. मराठी में इसने ज़नाना बोला था या मर्दाना? ज़नाना बोला है तो बात और है. फिर तो बावड़ी ही हुई."

एवढंच होतं. एक शब्द सांगायचा होता. 'ज़नाना' म्हणालो असतो तर शेठजी दुपारच्या आत दुकानात गेले असते. मात्र माझा तर्जुमा खोटा ठरला असता. उमेदवारी गेली असती आणि फिर्यादीत आपल्या माणसाला हात दिला की काय, अशी शंका उलट माझ्यावरच आली असती. हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी माझ्या मनात फक्त दारातले ते दोघं होते.

मी म्हणालो, "मर्दाना ही था, हुज़ूर."

"पक्का?"

"ये मारवाड़ी लोग हैं. इनकी मराठी में ज़नाने-मर्दाने का कोई ठिकाना नहीं. कहीं ज़नाना निकल भी गया हो तो उसका मतलब नहीं."

म्हणजे एक खोटं बोलून भागलं नाही. ते टिकावं म्हणून मी त्यांच्या त्या चुकांचा आधार घेतला, ज्यांच्यावर मी त्यांच्या पायरीवर बसून हसलो होतो. कुलूप काय, तो का ती, असं त्यांनी ज्याला विचारलं होतं तोच मी.

अमीनसाहेबांनी शेठजींना विचारलं, "क्यों सेठ? मुंशी ठीक कहता है?"

शेठजी माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे. पोरगं झाडावर फार वर चढलं आणि आता त्याला उतरता येत नाही, हे खालून बघणारा माणूस जसा बघतो, तसं. मग ते मराठीत, मला, म्हणाले, "बराबर हाय. माझा मराठी कच्चाच हाय."

मी त्याचाही तर्जुमा केला.

'माझा मराठी'. हे दोन शब्द मी साठ-पासष्ट वर्षं तोंडात घोळवतो आहे. शेठजी चुकायचे ते मारवाडीत जे वेगळं आहे तिथं. दुकान, चहा, झाड, मांजर. पण भाषा तर त्यांच्याकडंही बाईच. बोली तीच, जबान तीच. ही चूक त्यांच्या चुकांतली नव्हती. मला सांभाळून घ्यायला त्यांनी ती मुद्दाम केली. मी म्हणालो ते खरं ठरावं म्हणून माझ्या पुढ्यात पुरावा टाकला आणि स्वतः औरंगाबादच्या जेलात गेले.

मी कायम झालो. समोरच्या दुकानाची दारं बंद असायची. शेठाणीबाई मागच्या खोलीत राहायच्या. मी गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं घरी यायला लागलो.

संस्थान गेलं आणि शेठजी सुटून आले. पागोटं तेच, अंग निम्मं. दुकान पुन्हा सुरू केलं. मी धीर करून समोरून गेलो तर म्हणाले, "या मुनशीजी. आजच दुकान उघडलं. चहा घेणार? आत्ताच झाला."

उघडलं. झाला. मला पायरीवरच उभं राहायला झालं. जेलात मराठी माणसांबरोबर राहून त्यांची मराठी सुधारली होती. मांजर आता त्यांच्या तोंडून येतं आणि जातं झालं होतं. पोरांनी गोष्ट मागितली तर म्हणायचे, "आता काय, म्हाताऱ्याला आठवत न्हाई काही." बाजाराच्या दिवशी सरळ भाव सांगायचे. बायका एकदा भाव ऐकून उठल्या की परत बसत नसत.

त्याच वर्षी गावानं त्यांचा सत्कार केला. फरारी पोरांना घरात लपवणारा देशभक्त व्यापारी म्हणून. माझा खोटा तर्जुमा आता गावाचा इतिहास झाला होता. ज्यांनी बाजारात ती गोष्ट ऐकून 'बावडी' म्हणून हसण्यात भाग घेतला, तेसुद्धा टाळ्या वाजवत होते. शेठजी हार घालून घेताना अवघडून म्हणाले, "अहो, मी कुणाला लपवलं न्हाई. बावडीनं लपवलं." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या आणखी वाढल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. शेजारचा माणूस मला म्हणाला, "कचेरीत तुम्हीच होता ना त्यादिवशी? शेठ डगमगले नसतील." मी म्हणालो, "बिलकुल न्हाई."

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले आणि मी समोरच राहत होतो. सांगायला संधी मिळाली नाही असं मी म्हणू शकत नाही. रोज मिळत होती. एखाद्या दिवशी पायरी चढायचो, ते विचारायचे, "काय दाखवू?" आणि मी धोतरजोडी घेऊन परत यायचो. माझ्या पेटीत न वापरलेली धोतरं साठली. बायको म्हणायची, "एवढी धोतरं कुणाला नेसवणार आहात?"

शेवटी ते अंथरुणाला खिळले. पुतण्यानं निरोप दिला, "काका तुमची आठवण काढतात." मी गेलो. त्या दिवशी मी पक्कं ठरवून गेलो होतो. वाक्यसुद्धा तयार होतं, लांबलचक नाही. शेठजी, मी खोटं बोललो, तुम्ही ज़नानाच बोलला होता, मला माफ करा.

खोलीत पुतण्या होता, सून औषध उगाळत होती, शेजारच्या दोन बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. खिडकी गल्लीवर उघडत होती. शेठजी उशाला टेकून होते. मी जवळ बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात ते वाक्य म्हणालो. पूर्ण म्हणालो.

शेठजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय?"

सून म्हणाली, "त्यांना ऐकू येत न्हाई आता. मोठ्यानं बोलावं लागतं. अजून मोठ्यानं. आम्ही तर ओरडतोच."

शेठजींनी कानामागं हात धरला आणि माझ्याकडं झुकले. बायका बोलायच्या थांबल्या. पुतण्यानं मला बोलता यावं म्हणून दाराशी खेळणाऱ्या पोरांना गप्प केलं. खिडकीखालून कुणीतरी चाललं होतं, त्याच्या चपलांचा आवाज येत होता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि ओरडून विचारलं, "औषध वेळेवर घेता ना?"

त्यांनी मान हलवली. "घेतो," म्हणाले. आणि माझा हात तसाच धरून बराच वेळ वाट बघत राहिले.